टेबल बोलतंय

६ फेब्रुवारी

चि. खडूस,

आशीर्वाद, तुम्हा दोघांना वाटून उरतील इतके. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला मोठं कारण काही नाही. लिहायला बसलं की उजवा खांदा धरतो. हाडांच्या डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिलाय. रोज सकाळी मी भिंतीला गुदगुल्या करते. भिंत हसत नाही आणि खांदाही सुटत नाही.

ऑफिसात नवे साहेब आलेत. औषधांच्या दुकानांतले आणि प्रयोगशाळांतले बारीक वजनकाटे आम्ही कसे तपासतो, ते त्यांना पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं, म्हणून मला बोलावलं. मी सांगितलं, की काटा मागाहून येतो, आधी टेबल. उजवा तळहात टेबलावर सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि शंभर अंक मोजायचे. हाताखाली काही हललं नाही तर वहीत लिहायचं, टेबल गप्प. जरा जरी थरथर लागली तर लिहायचं, टेबल बोलतंय, आणि बोलत्या टेबलावर काटा ठेवायचाच नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या उस्तादांनी मला हेच शिकवलं आणि तेहतीस वर्षं मी तेच करतेय. साहेबांनी विचारलं, की यंत्राने नाही का हे मोजता येत. मी म्हटलं, येतं, पण यंत्र बिघडतं. ते हसले. ऑफिसात सगळे मला काटेताई का म्हणतात ते त्यांना कळलं असावं.

आता खरी तक्रार. आमच्या बरोबर खालच्या खोलीत एक बाई मोजे विणायचं मशीन घेऊन आल्यात. विजेवर चालतं. बाई एकट्याच असतात बिचाऱ्या, पण मशीन दिवसभर चालू. आवाज फार नाही, घूंऽऽ असं बारीक. पण माझी खुर्ची बोलते. गादी बोलते. रविवारी दुपारी आडवी झाले तर पाठीतून, मांडीतून, थेट जबड्यापर्यंत थरथर. उठून कामाला लागले की जाणवत नाही, स्वस्थ बसलं की पुन्हा सुरू. बसायचंच नाही का आता मी?

वहिनीला सांग, पाठवलेला साबण वापरतेय. तिने लिहिलं होतं की वास फार छान आहे. असेल.

लोभ आहेच, तो वजनात कमी भरू देऊ नकोस.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार, पाठ दुखेपर्यंत. वि. वि.

सर्वांत आधी एक विनंती. मायन्यात ‘चि. खडूस’ लिहिणं बंद कर. तू लहानपणीचं नाव घेऊन प्रेमाने लिहितेस, आणि तुझी वहिनी ते पत्र हातात धरून सगळ्या घरभर सांगत फिरते, की बघा, सख्ख्या बहिणीनेही ओळखलंय.

दुसरी विनंती, अक्षर मोठं काढ. ऑफिसने कागद मोजून द्यायला सुरुवात केली का? पहिली ओळ ठीक असते, मग खाली खाली मुंग्यांची रांग. मी दिवसभर लोकांच्या दातांचे साचे घासतो, दाढेवरची खाच मला चष्म्याशिवाय दिसते, पण तुझं पत्र वाचायला काल भिंग काढलं. हिने विचारलं, कुणाची दाढ आहे. मी म्हटलं, ताईची अक्कलदाढ, अजून यायचीय.

आता त्या मोजेवालीचं. तू गप्प बसू नकोस. जन्मभर दुसऱ्यांची टेबलं गप्प केलीस आणि स्वतःच्या घरात खुर्ची बोलते म्हणून रडतेस? इमारतीच्या कमिटीला लेखी दे. साधं पत्र देऊ नकोस, ते फायलीत जाऊन झोपेल. ऑफिसच्या कागदावर दे, तुझ्या हुद्द्यासकट. हाताने तपासणी केली, टेबल बोलतं, खाली सही. शहरातली औषधाची दुकानं तुझ्या हाताचं ऐकतात, ती कमिटी कोण लागून गेली? मजकूर मी सोबत लिहून पाठवतोय. आयता आहे, नुसता उतरवून काढ. राहत्या इमारतीत असलं मशीन चालवायची परवानगी तिच्याकडे असेल असं मला वाटत नाही.

खांद्याला शेक दे. आणि जरा हसत जा. मागच्या महिन्यात पाठवलेल्या फोटोत तू मोजमाप घ्यायला उभी असल्यासारखी दिसतेस. हिला वाटलं, तू आमच्यावर रागावलीस.

लोभ मागायची मला लाज नाही, म्हणून मागतोच.
तुझा खडू

२० मार्च

चि. खडू यास (आता तरी झालं ना समाधान?),

आशीर्वाद. वि. वि.

तू लिहून दिलेला मजकूर उतरवला. एक शब्द बदलला. तू ‘असह्य’ लिहिलं होतंस, मी ‘स्पष्ट’ केलं. कमिटीत एक निवृत्त इंजिनियर आहेत. ते म्हणाले, मला तर काही लागत नाही. त्यांनी माझ्या टेबलावर हातही ठेवून पाहिला. मी म्हटलं, तुमचा हात आणि माझा हात यात तेहतीस वर्षांचं अंतर आहे. ऑफिसचा कागद फिरला, सह्या झाल्या. मोजेवाल्या बाईंना एप्रिलअखेर खोली रिकामी करायला सांगितलं.

त्या मला भेटायला आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, की मशीनखाली रबराचे जाड तुकडे घालते, दुपारी बंद ठेवते, हवं तर तुम्ही सांगाल त्याच वेळात चालवते, पण दुसरीकडे एवढी खोली मिळणार नाही, आणि गिऱ्हाईक सगळं या गल्लीतलं. मी ऐकून घेतलं. मी म्हटलं, हात खोटं सांगत नाही. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली एकूणच मला फारसं काही वाटत नाही, वय झालं असेल.

ऑफिसातही हेच सुरू झालंय. रस्त्यावर खोदकाम चालू आहे, त्याने असेल. यंदा किती टेबलं बोलती निघाली म्हणून साहेबांनी वही मागवून घेतली. चौकातल्या औषधवाल्याचं लाकडी टेबल मी दोनदा नापास केलं. त्याने वैतागून दगडी ओटा बांधून घेतला. परवा जाऊन हात ठेवला तर दगडही बोलतोय. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता चालताना उजवी चप्पल घासते. चांभाराला दाखवली. तो म्हणाला, चपलेत दोष नाही. त्याला काय कळतंय.

पत्र लांबलं, लोभ त्यापेक्षा लांब असू दे.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार, विजयी वीराला करतात तसा. वि. वि.

जिंकलीस! मी दुकानात सगळ्यांना पेढा दिल्यासारखं सांगितलं. माझा मजकूर होता हेही सांगितलं, श्रेय सोडायची मला सवय नाही.

हिला मात्र ते आवडलं नाही. ती म्हणते, की एका बाईचं पोट त्या मशीनवर आहे, आणि इंजिनियरला काही लागलं नाही तर एकदा कुणा तिसऱ्याला बोलावून बघायचं होतं. मी तिला समजावलं, की ताईच्या हातावर शंका घेणं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून वर पुरावा मागणं. ती म्हणाली, घड्याळंही मागे पडतात. बायको म्हणून गप्प बसलो, नाहीतर चांगलं उत्तर होतं माझ्याकडे.

मे महिन्यात निवांत झोप काढ. आणि भिंग पुन्हा काढावं लागलं, याची नोंद घे.

आहे तेवढा लोभ पुरतो, पण वाढला तर नको म्हणणार नाही.
खडू

९ मे

चि. खडू यास,

आशीर्वाद. वि. वि.

मोजेवाल्या बाई एकोणतीस तारखेला गेल्या. मशीन चार माणसांनी उचलून टेम्पोत ठेवलं. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी जाताना खोली झाडून घेतली, कडी लावली आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली, कमिटीला द्या म्हणून.

तीस तारखेला दुपारी मी आडवी झाले. घूं थांबलं होतं. थरथर थांबली नव्हती.

मला वाटलं पाण्याचा पंप. वॉचमनला सांगून पंप बंद करवला. मग वाटलं लिफ्ट. ती आठवडाभर नादुरुस्तच होती, हे मागाहून आठवलं. मग शेजारच्यांचा फ्रिज. शेजारीण चांगली आहे, तिने तासभर बंद ठेवला. शेवटी खालच्या रिकाम्या खोलीची किल्ली होतीच, तर खाली जाऊन फरशीवर बसले आणि तळहात टेकवला. बोलत होती. रिकामी खोली, बोडकी फरशी, आणि माझ्या हाताखाली बारीक मोटर लावल्यासारखी थरथर.

मग मी जे कधी केलं नाही ते केलं. ऑफिसातून लहान काटा घरी आणला, साहेबांना विचारून. काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी डुलणारा. बोलत्या टेबलावर तो ठेवायचा नाही हा आमचा नियम, म्हणून इतके दिवस असल्या टेबलावर तो कधी ठेवून पाहिला नव्हता. रविवारी दुपारी तीन वाजता जेवणाच्या टेबलावर ठेवला. पेटी बंद केली. एक हात टेबलावर सपाट ठेवला आणि काट्याकडे बघत बसले. हात म्हणत होता बोलतंय. काटा शून्यावर उभा होता. शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा शंभर. इकडचा तिकडे झाला नाही.

तेव्हा कळलं, की टेबल गप्प आहे. मीच बोलतेय.

तुला वाटेल, ताई घाबरली असेल. नाही. मी काटा पुसला, पेटीत घातला, भांडी घासली. हातांना पाणी लागत होतं तेवढंच.

लोभाचं तू बघ, मला आज सुचत नाही.
ताई

१४ मे

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दुपारी आलं. मी दुकान बंद करून घरी आलो. तुझी सगळी पत्रं काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली, दोन वर्षांपूर्वीपासूनची. ही शेजारी उभी राहिली. ताई, दोन वर्षांपूर्वी तुझ्या एका पानात बावीस ओळी होत्या. या पत्रात एकेचाळीस आहेत. मला दातावरची खाच दिसते म्हणून मी शेखी मिरवत होतो, आणि हे मला दिसलं नाही. दिसलं, पण मी त्याचा विनोद केला. तो फोटोही काढून पुन्हा पाहिला. तू रागावलेली नव्हतीस, तुझा चेहराच हलत नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांकडे जा. खांदा, चप्पल, अक्षर, आतली थरथर, सगळं त्यांना एकदम सांग. तुला एकेक सुटं सांगायची सवय आहे, ती त्या दिवशी नको. मी येतो म्हटलं तर तू नको म्हणशील, म्हणून न विचारता तिकीट काढलंय. चोवीसला सकाळी पोचतो.

मला भीती वाटतेय. तुला वाटत नसेल तर तुझ्या वाटणीचीही मलाच वाटतेय.

तुझा खडू

१२ जून

चि. खडू यास,

आशीर्वाद. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर मोठं झालंय. तू चार दिवस घातलेला गोंधळ अजून सापडतोय. काल साखरेच्या डब्यात तुझी टोपी मिळाली.

मोठ्या डॉक्टरांनी काल पुन्हा बोलावलं होतं. तुझ्यासमोर जे म्हणाले तेच नक्की झालं, पार्किन्सन्स. आपण कंपवात म्हणतो तो. मी म्हटलं, की माझा हात तर कुठे हलताना दिसत नाही. ते म्हणाले, तुमचा तरी अजून नाही. काही जणांना आधी आतूनच लागतं, बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, आणि ते सांगायला लाजतात, लोक वेडं ठरवतील म्हणून. मी म्हटलं, मी लाजले नाही, लेखी दिलं. ते हसले. मग टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं काढून हुंगायला दिली. कॉफी, साबण, लवंग. मला तिन्ही सारख्याच. वास जाऊन कित्येक महिने झाले असतील असं ते म्हणाले. एकटीच्या घरात कोण सांगणार? गोळ्या सुरू केल्यात. हात आणि पाय सुटतील म्हणाले, आतल्या थरथरीचं सांगता येत नाही.

आता तू स्टेशनवर जे म्हणालास त्याबद्दल. तुझं म्हणणं, की मी आता कुणाला काही सांगू नये. दीड वर्षात निवृत्ती आहे, आजारपणाची रजा टाकावी, कागद आहे तिथे राहू द्यावा, मोजेवाल्या बाईंनी आत्तापर्यंत कुठेतरी बस्तान बसवलं असेल. मी चार दिवस विचार केला. तेहतीस वर्षं लोकांनी माझ्याकडे काय पाहून मान दिला? हा हात. तो गेला, हे मी सांगितलं नाही तर कुणाला कळणारही नाही, हे तुझं बरोबर आहे. पण माझ्या खोट्या साक्षीवर एक बाई घराबाहेर गेली, आणि साक्ष ऑफिसच्या कागदावर आहे. तो कागद मी मागे घेणार. मला फार अपराधी वाटतंय म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही, अंगाला बधिर करणारं इंजेक्शन दिल्यासारखं झालंय. चुकीचं वजन लिहिलं असेल तर खोडायचं असतं, एवढंच माहीत आहे.

साहेबांना आज सांगितलं. त्यांनी वर्षभरात मी बोलती ठरवलेली सतरा टेबलं यंत्राने तपासायला माणसं पाठवलीत. ते फार सौम्यपणे बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रागावू नकोस, लोभ ठेव.
ताई

१९ जून

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि.

रागावलोय. तरी लिहितोय.

तू ऐकणार नाहीस हे मला स्टेशनवरच कळलं होतं. पण एक तुला माहीत असू दे. मजकूर माझा होता, ऑफिसच्या कागदाची कल्पना माझी होती. तू सगळा दोष हातावर घेऊन मोकळी झालीस, त्यात माझं नाव कुठेच नाही. त्या बाईंना पत्र लिहिशील तेव्हा माझंही लिही. मी गप्प राहा म्हणालो ते तुझ्यासाठी म्हणालो असं मी समजत होतो. ही म्हणते, थोडं स्वतःसाठीही होतं. तिचं बरोबर आहे, हे आज मी तिला सांगितलं.

लोभ आहे, तोंड फुगवून का होईना.
खडू

२५ जून

श्रीमती मोजेवाल्या बाईंस,

नमस्कार. वि. वि.

तुमचा पत्ता वॉचमनकडून घेतला. मी इमारतीत वर राहणारी काटेताई. फेब्रुवारीत तुमच्या मशीनबद्दल मी लेखी तक्रार दिली, ती चुकीची होती. तुमच्या मशीनने माझ्या घरात काहीही हलत नव्हतं. जे हलत होतं ते माझ्या अंगात होतं. मला कंपवात झालाय आणि त्याची सुरुवात अशी आतल्या आत होते, हे मला माहीत नव्हतं. कमिटीला कागद मागे घेतल्याचं पत्र दिलंय, नक्कल सोबत आहे. खोली अजून रिकामी आहे, किल्ली माझ्याकडेच आहे. तक्रारीचा मजकूर माझ्या भावाने लिहून दिला होता. त्याचं नावही सांगायला त्याने सांगितलंय, पण सही माझी आहे.

तुम्ही दारात आलात तेव्हा मी म्हटलं होतं, की हात खोटं सांगत नाही. त्याची माफी मागते.

आपली,
काटेताई

८ जुलै

काटेताईंस,

नमस्कार. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर संभाळून घ्या.

तुमचं पत्र आलं आणि मी ते ट्रंकेत ठेवून दिलं. दहा दिवस तसंच. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मलाही लिहायला हवं.

माझ्या वडिलांना हाच आजार होता. सहा वर्षं मीच केलं त्यांचं. हात हलायला लागायच्या आधी दोनेक वर्षं ते मला सारखे म्हणायचे, मशीन बंद कर, माझ्या अंगात घुसतंय. मशीन बंदच असायचं. मी ओरडायचे त्यांच्यावर. एकदा मशीनचं झाकण उघडून त्यांचा हात धरून त्यावर ठेवला, बघा, थंड आहे म्हणून. ते म्हणाले, तरी चालू आहे.

तुमची तक्रार कमिटीने मला वाचून दाखवली, आणि मला तिथेच कळलं. खात्री नव्हती, म्हणून वर आले. तुम्ही दार उघडलं तेव्हा आत दूध करपत होतं. सगळ्या जिन्यात वास होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता. तुमचा उजवा हात लटकत होता. चेहरा माझ्या वडिलांचा होता. मी तुमच्याकडे बघत राहिले ते त्यासाठी. सांगायचं तोंडावर आलं होतं. मग तुम्ही म्हणालात, हात खोटं सांगत नाही. मी सांगितलं नाही.

जाताना तुम्हाला किल्ली दिली तेव्हाही मनात एकच होतं. आता मशीन जातंय, आता पडा निवांत आणि ऐका. मला बघायचं होतं की मग तुम्ही कुणावर तक्रार करता.

तीन महिने लवकर डॉक्टरांकडे गेला असतात तर किती फरक पडला असता, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा. पण ते तीन महिने मी ठेवून घेतले, हे खरं आहे. तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत ते न कळून. मी केलं ते कळून.

खोलीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी सध्या बहिणीच्या व्हरांड्यात मशीन लावलंय. पावसाचं पाणी आत येतं.

आपली,
मोजेवाली

३ ऑगस्ट

चि. खडू यास,

आशीर्वाद, तुला आणि वहिनीला सारखे, तिला थोडे जास्तच. वि. वि.

मोजेवाल्या बाईंचं पत्र सोबत पाठवतेय. आधी ते वाच, मग पुढे.

वाचलंस? मी तीनदा वाचलं. राग यायला हवा म्हणून वाट पाहिली. आला नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तीन महिन्यांनी मोठा फरक पडला नसता. मला आणखी एक सुचलं. त्यांनी त्या दिवशी दारात सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का? मी म्हटलं असतं, बाई खोली वाचवायला माझ्यात आजार शोधतेय. तूही तेच म्हणाला असतास, आणि मजकूरही लिहून दिला असतास.

सतराच्या सतरा टेबलं गप्प निघाली. औषधवाल्याने दगडी ओट्याबद्दल एक शब्द काढला नाही, उलट चहा पाजला. मला आता वजनं पुसून पेटीत लावायच्या कामावर ठेवलंय. तपासायचं काम यंत्र करतं. साहेब म्हणाले, निवृत्तीपर्यंत काटेताई हेच नाव राहील. राहू दे.

गोळ्यांनी पाऊल उचलतंय. चांभाराला चप्पल दाखवून आले आणि त्याचं बरोबर होतं असं सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण खूश झाला. अक्षर बघ, प्रयत्न करून मोठं काढलंय.

खोलीचं मी ठरवलं. कमिटीपुढे गेले आणि तोंडी सांगितलं, सगळ्यांसमोर, काय झालंय ते. इंजिनियरसाहेबांनी पुन्हा टेबलावर हात ठेवला नाही, माझ्या खांद्यावर ठेवला. मोजेवाल्या बाई पंधरा दिवसांपूर्वी परत आल्या. किल्ली मी त्यांच्या हातात दिली. बोलण्यासारखं पत्रात झालं होतं. मात्र त्या मशीन रोज दुपारी बंद ठेवायच्या, माझ्या विश्रांतीच्या वेळी. मी खाली जाऊन सांगितलं, की दुपारी दोन ते चार चालवाच. त्यांना वाटलं मी मोठेपणा दाखवतेय. मी म्हटलं, नाही हो, मला गरज आहे. तेव्हा त्यांना पटलं. मग म्हणाल्या, की वडीलही पुढे पुढे असंच म्हणायचे, चालू कर, आणि मला वाटायचं ते चेष्टा करतात.

काल दोन वाजता त्यांनी सुरू केलं. मी आडवी झाले. खालून घूं येत होतं आणि अंगात थरथर होती, आणि दोन्हींचं जुळत होतं. मशीन आहे, खालच्या बाईंचं, असं स्वतःला सांगता आलं. दोन तास मी धडधाकट बाई होते, जिला शेजाऱ्यांचा त्रास आहे.

चार वाजता त्यांनी मशीन बंद केलं. माझं चालूच राहिलं. तेव्हा मी रडले, खडू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगली मोठ्याने. त्यांना खाली ऐकू गेलं असावं, कारण मशीन पुन्हा सुरू झालं.

लोभ तुमच्याकडे शिल्लक असेल तेवढा सगळा पाठव, आता मला लागणार आहे.

तुझी ताई